भिंतींचे पोट पाहिलेले यंत्र

भोके पाडणे हा माझा धंदा, असे सांगितले तर तुम्ही हसाल, मित्रांनो. पण ती भोके पाहायला एके काळी अख्खे गाव जमत असे. मी काँक्रीट तपासणारे एक जुने यंत्र आहे. रस्ता, पूल किंवा खांब, काहीही असो, माझी पोकळ नळी गरगर फिरत त्यात शिरते आणि आतली एक गोल कांडी बाहेर काढते. सिमेंट पुरेसे असेल तर ती कांडी दगडासारखी टणक निघते. कोणी सिमेंट खाल्ले असेल, तर तेही कांडीत दिसते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशातला. इथे, या देशात, त्या वेळी नवा कायदा झाला होता. सरकारी बांधकाम आपल्या डोळ्यांसमोर तपासून घ्यायचा हक्क लोकांना मिळाला होता. हक्क मिळाला, पण तपासणार कशाने? नखाने? तेव्हा त्या थंड देशातल्या एका संस्थेने मला इकडे धाडले, आणि माझ्यासोबत एक इंजिनीअर बाई धाडल्या.

नळी फिरत असताना तिच्यावर सतत पाणी सोडावे लागते, नाहीतर ती तापून निकामी होते. त्यामुळे बाई इथली भाषा शिकल्या त्या ‘पाणी’ या शब्दापासून. दिवसभर त्यांचे ‘पाणी! पाणी!’ चालायचे. लोकांनी त्यांचे नावच पाणीबाई ठेवून टाकले.

त्यांच्या हाताखाली ताई तयार झाली. ताई म्हणजे गावाने तपासणी समितीवर निवडून दिलेली तरुण इंजिनीअर. काम संपले की दोघी मिळून मला पुसायच्या. “यंत्र थकतो. आधी त्याला पुसायचा, मग आपण जेवायचा,” पाणीबाई म्हणायच्या, आणि ताई हसून त्यांचे व्याकरण दुरुस्त करायची. मला मात्र ते वाक्य तसेच आवडायचे.

पहिली कांडी आम्ही बाजारातल्या नव्या रस्त्यातून काढली. ती ताईच्या हातातच विरघळली. भाजीवाली कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “अगं बाई, हा रस्ता आहे की चहात बुडवलेलं बिस्किट?” सगळा बाजार हसला. ठेकेदाराला मात्र हसू आले नाही. त्याला रस्ता पुन्हा करून द्यावा लागला.

मग आली सरकारी दवाखान्यातल्या नव्या प्रसूती कक्षाची पाळी. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन ठरले होते, भिंतींना गुलाबी रंगही लागला होता. त्या बांधकामावर देखरेख होती ताईच्या काकांची. आईवडिलांमागे त्यांनीच तिला वाढवले, शिकवले. मला खांबाशी उभे केले तेव्हा काका आडवे आले.

“बाळा, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. या खांबाला हात लावू नकोस.”

“का, काका?”

“वरून जेवढं सिमेंट आलं, तेवढंच मी वापरलं. माझ्या हातात काय होतं?”

ताई हळूच म्हणाली, “वहिनीचे दिवस भरत आलेत, काका. तुमचं नातवंड याच छपराखाली जन्मणार ना?”

काका बाजूला झाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाणीबाईंना सगळे शब्द कळले नसतील, पण त्या दिवशी त्यांनी आरडाओरडा केला नाही. स्वतःच पाण्याचा पाइप धरून पाणी सोडत राहिल्या. माझी नळी खांबात शिरली. आत नुसती वाळू होती, आणि वाळूत गोणपाटाची चिंधी.

उद्घाटन रद्द झाले. काकांची नोकरी गेली. लोकांनी मला हार घातला, पण ज्यांच्या ताटातला घास गेला ते वर बसलेले होते. “परक्यांचं यंत्र आपल्या भिंती फोडतं आहे,” अशी भाषणे सुरू झाली. बाहेरची मदत घेणे हाच गुन्हा ठरला. समिती मोडली. पाणीबाईंना देश सोडायचा हुकूम आला.

निघताना त्यांनी मला शेवटचे पुसले. “तुमचं यंत्र घेऊन जा ना,” ताई रडत म्हणाली. “इथे ते सडेल.”

“माझा नाही,” पाणीबाई म्हणाल्या. “रस्ता ज्याचा, यंत्र त्याचा.”

मला नगरपालिकेच्या अडगळीच्या खोलीत कोंडून दाराला सील ठोकले. सोबतीला मोडक्या खुर्च्या आणि मुक्या झालेल्या घंटा. मित्रांनो, गंज अंगाला लागतो त्याच्या आधी मनाला लागतो. त्या मऊ फडक्यासाठी मी झुरत असे. एकदा पलीकडच्या भिंतीत भोक पाडल्याचा आवाज आला. वाटले, आले माझे लोक! पण कोणीतरी नव्या मंत्र्यांची तसबीर टांगत होते.

पुष्कळ वर्षे गेली. ताईसारखी माणसे मोर्चे काढत राहिली, तुरुंगात जाऊन येत राहिली. दूरदूरच्या देशांतले लोकही त्यांच्या बाजूने बोलत राहिले. अखेर एका मतदानात वरची मंडळी घरी बसली आणि माझ्या दाराचे सील तुटले.

ताईचे केस पिकले होते. तिचा हात धरून काका आले होते. माझी मोटर पार जाम झालेली, आणि माझे सुटे भाग आता कुठेच बनत नव्हते. ताई मटकन खाली बसली. काका म्हणाले, “ऊठ. माझ्या ओळखीचा एक खराद्या आहे, लेथवर लोखंडाचं काहीही घडवतो. याच्यावरून दुसरं बनवू.”

खराद्याने मला उघडले, उलटसुलट पाहिले आणि खो खो हसला. “परदेशी परदेशी म्हणून केवढी बोंब होती! पोटात तर सगळं आपल्यासारखंच आहे की!”

त्याने घडवलेल्या यंत्राने नव्याने बांधलेल्या प्रसूती कक्षाची कांडी काढली. टणक, अखंड. काकांनी ती तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरली आणि कितीतरी वेळ कोणाला दिलीच नाही.

मागच्या महिन्यात आणखी एका देशाने थंड देशातल्या त्याच संस्थेकडे मदत मागितली. तिथेही शाळा बांधल्या जातात आणि कोसळतात. म्हाताऱ्या पाणीबाईंनी त्यांना ताईचे नाव सुचवले होते. ताई नवे यंत्र घेऊन निघाली. माझ्यावरून एकदा हात फिरवून गेली. आता मला दोघींची आठवण येते.

मित्रांनो, भिंतीचा रंग कितीही ताजा असला, तरी आत काय आहे ते विचारायला लाजू नका. लांबून कोणी हात द्यायला आले, तर ते आहेत तोवर त्यांचे काम शिकून घ्या. माणसे जातात. आणि तुमच्या गावातही माझ्यासारखे एखादे यंत्र कुलपात पडले असेल, तर त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे चारचौघांत, मोठ्या आवाजात विचारा.