साठाव्यांदा उचलताना

मी एक पिस्तूल बोलतोय. दचकू नका. माझ्यातून नुसत्या हवेच्या जोरावर छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडतो, एवढंच माझं काम. पण आज मी रागात आहे आणि मला मनातलं सगळं बोलून टाकायचंय.

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातल्या आमच्या नेमबाजी क्लबात जो पाहुणा येतो तो मला कपाटातून काढायला लावतो, हातात घेऊन दोनदा वरखाली करतो आणि मान डोलावून म्हणतो, "वा, वजन आहे!" झाली माझी परीक्षा. दहा सेकंदांत. अहो, बाजारात टोमॅटो निवडतानासुद्धा माणूस याहून जास्त वेळ घालवतो.

सामन्यात मला साठ वेळा उचलायचं असतं. एका हातानं, हात सरळ पुढे करून, सव्वा तास. माझं खरं वजन तेव्हा कळतं, आणि नेमकं तेव्हा हे मान डोलावणारे चहा प्यायला गेलेले असतात.

जर्मनीतल्या कारखान्यातून निघालो तेव्हा मी साडेनऊशे ग्रॅमचा होतो. मूठ अक्रोडाच्या लाकडाची होती. हातात धरलं की ना पुढे झुकायचो, ना मागे कलायचो. मग मला सी हेदींनी, म्हणजे हेदीसाहेबांनी, घेतलं.

सी हेदी बंदरावर क्रेन चालवायचे. पंजा हा एवढा. अक्रोडाची मूठ त्यांना खेळण्यातली वाटली. त्यांनी वडिलांच्या मळ्यातल्या जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, लाकूड आणलं आणि महिनाभर खपून नवी जाडजूड मूठ कोरली. जैतुनाचं लाकूड जड, त्यामुळे मी मागे कलायला लागलो. ते सावरायला त्यांनी नळीच्या टोकाखाली पितळेचा ठोकळा बसवला. झालो मी साडेतेराशे ग्रॅमचा. नियमात दीड किलोपर्यंत चालतं, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

खोटं कशाला बोलू, त्यांच्या हातात मी भिंतीसारखा स्थिर असायचो. त्यांनी माझ्यावर चार चषक जिंकले. तक्रार त्यांच्या नेमबाजीबद्दल नाही, पुढे जे झालं त्याबद्दल आहे.

सात वर्षांपूर्वी त्यांची मुलगी एम्ना नेमबाजी शिकायला लागली. औषधांच्या दुकानात काम करते. बारीक हाडाची, लांब पण नाजूक बोटांची. सी हेदींनी मला समारंभानं तिच्या हातात ठेवलं. पोरीचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, पण तिची बोटं मुठीभोवती पुरी वळेनात हे मला त्याच क्षणी कळलं. चापापर्यंत तिच्या बोटाचं जेमतेम टोक पोचत होतं.

सात वर्षं हेच चाललं. पहिले तीस छर्रे सुरेख, नऊच्या आणि दहाच्या वर्तुळात. मग मनगट थकायचं, पितळेचा ठोकळा माझं नाक खाली ओढायचा आणि छर्रे खाली, आठात, सातात जाऊन पडायचे. राष्ट्रीय संघाच्या निवडीत ती दोनदा शेवटच्या वीस छर्‍यांत हरली.

"मनगट आहे का मकरोनी?" सी हेदी म्हणायचे. "याच पिस्तुलानं मी चार चषक आणले. पिस्तुलात खोट नाही."

आणि एम्ना ऐकून घ्यायची. दुकानात पाण्याच्या बाटल्या उचलून मनगट कमवायची. मला तिचाही राग यायचा. अगं, मला बोलता येत नाही, तुला येतं ना?

यंदा तिसरी निवड होती, आणि तिशी गाठायच्या आत तिला एवढी एकच संधी उरली होती, शिवाय पुढच्या वर्षी तिच्याहून लहान, नव्या मुली येणार होत्या. आठ दिवस आधी, रविवारी, तिची आई मबरूका डब्यातून मकरूद, म्हणजे रवा-खजुराच्या वड्या, घेऊन क्लबात आली. तिनं मुलीचा खाली झुकणारा हात पाहिला आणि डबा आपटला.

"हेदी, तिला तुझे बूट घाल आणि पळायला लाव. हरली तर म्हण, पायात खोट आहे."

"तुला यातलं काय कळतं?"

"मला शिवणातलं कळतं. तुझ्या मापाचा कपडा तिच्या अंगावर बसत नाही, एवढं कळतं."

सी हेदी हसले. पण एम्ना हसली नाही. तिनं मला वडिलांसमोर टेबलावर ठेवलं.

"बाबा, आज तुम्ही उचला. साठ वेळा. मी मोजते."

"मी? मी झोपेत उचलीन."

"मग जागेपणी उचला."

मानाचा प्रश्न होता. चौसष्ट वर्षांचा माणूस उभा राहिला. पहिल्यांदा उचललं तेव्हा मी पूर्वीसारखाच स्थिर. विसाव्यांदा त्यांचा श्वास मोठा झाला. सव्विसाव्यांदा ते म्हणाले, दिवा नीट नाही. एकतिसाव्यांदा म्हणाले, चहा फार कडक होता. अडतिसाव्यांदा माझं नाक खाली गेलं आणि वर येईना. त्या हाताची कळ माझ्यात उतरत होती. त्यांनी मला खाली ठेवलं आणि बराच वेळ मनगट चोळत बसले.

"सात वर्षं बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

ते उठले आणि कानस घेऊन आले. तिची बोटं धरून मुठीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि वडिलांच्या मळ्यातलं ते लाकूड स्वतः घासायला बसले. पितळेचा ठोकळा काढला. मबरूकानं तो मकरूदच्या डब्याबरोबर घरी नेला. म्हणाली, मिठातली लिंबं दाबून ठेवायला बरा आहे.

आता तुम्हाला वाटेल, एम्ना जिंकली. नाही जिंकली. सात वर्षांची सवय आठ दिवसांत जाते होय? तिचा हात अजून तो नसलेला ठोकळा उचलत होता, म्हणून सुरुवातीचे छर्रे वर गेले. पहिल्या दहांत नव्वद गुण, दुसर्‍या दहांत एक्क्याण्णव. मग हाताला मी सापडलो. शेवटच्या दहांत सत्त्याण्णव, तिच्या आयुष्यातले सर्वांत जास्त. एकूण पाचशे बासष्ट. संघातल्या शेवटच्या मुलीचे पाचशे त्रेसष्ट.

एक गुण. याच्यासाठी मी चिडलोय. दोन वर्षं आधी कानस निघाली असती तर? एक वर्ष आधी? कपाटात पडलो की मी हेच मोजत बसतो.

सी हेदी त्या दिवशी निवड मंडळाच्या लोकांसमोर उभे राहून म्हणाले, "तो गुण माझ्यामुळे गेला. तिच्या मनगटाला कोणी काही बोलायचं नाही." एम्नानं मला पेटीत ठेवलं आणि दुसर्‍या दिवशी संध्याकाळी पुन्हा काढलं. नव्या मुली येवोत नाहीतर न येवोत, ती म्हणाली.

क्लबात पाहुणे अजून येतात. मला उचलतात, दोनदा वरखाली करतात. परवा एकजण म्हणाला, "हे तर हलकं आहे, सी हेदी."

सी हेदींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"हात सरळ कर," ते म्हणाले. "आता मी सांगेपर्यंत खाली ठेवू नकोस."