पाणी कोण भरतं?

आठ महिने नळ उभा, पण त्याच्याखाली एक बादली लागली नाही. म्हणून पाणीखात्याचे म्बोवाने साहेब आले आणि आमच्या मुखियासमोर, म्हणजे माझ्या धाकट्या भावासमोर, झ्वेलिबान्झीसमोर, कागद वाचायला लागले. "लाभार्थी समुदायात वापराबाबत उदासीनता आढळते. सबब, सुविधेचे स्थलांतर."

माझं टाळकंच सरकलं. "सरळ बोला की! नळ उपटून दुसऱ्या गावाला नेणार, एवढंच ना?"

"तसंच समजा, आत्या. तुमच्या बायकांना स्वच्छ पाणी नकोच आहे."

नको आहे? झ्वेलिबान्झीची सून, नोन्त्लाहला तिचं नाव, सातव्या महिन्यात वीस लिटरचा कॅन डोक्यावर घेऊन ओढ्यावरून चढण चढते. त्याच पाण्यानं तिचं थोरलं लेकरू तीनदा दवाखान्यात पडलं. आणि हा गाडीतून उतरलेला शहाणा म्हणतो, नको आहे!

"कुणाला विचारून नळ इथं बसवलात?"

त्यांनी फॉर्म काढला. 'नियोजित स्थाननिश्चितीस समुदायाची सहमती आहे काय?' हा काय प्रश्न झाला? घोंगडीत गुंडाळून ठेवलेला! वर सतरा पुरुषांच्या सह्या आणि अंगठे.

नोन्त्लाहला लांब झोपडीच्या आडोशाला मान खाली घालून उभी होती. साहेबांनी तिला बोलावलं, "ये बाई, तूच सांग." ती जागची हलली नाही.

हलणार कशी? नळ मुखियाच्या वाडग्याच्या फाटकाशी. काटेरी कुंपणात गुरं, पुढ्यात पुरुषांची बैठक. लग्न होऊन आलेली सून त्या जागेत पाऊल टाकत नाही. आमचं गाव एकाच कुळाचं, म्हणजे गावातली प्रत्येक बायको इथं सूनच.

"साहेब, तुमच्या गावी पाणी कोण भरतं?"

"आई. आता माझी बायको."

"वाडग्यासमोरून जाते ती?"

साहेबांनी टोपी काढली, परत घातली. "नाही," ते पुटपुटले. "पण नळ हलवायला नवी मंजुरी लागते. दोन वर्षं तरी जातील."

"आणि रीत मी मोडू देणार नाही, ताई," झ्वेलिबान्झीनं लगेच मधे तोंड घातलं.

"पाणी भरायला तू जातोस का रे, रीत सांगणारा?"

तेवढ्यात आडोशाकडून आवाज आला. सासऱ्याकडे पाठ करून, माझ्याशीच बोलल्यासारखं करून, नोन्त्लाहला बोलत होती. "आत्या, नळ सिमेंटातला आहे. वाडगं तर काट्यांचं आहे. शेण साचलं की चार-पाच वर्षांनी सरकवतातच की. ते नाही का हलणार?"

झ्वेलिबान्झी वाडग्याकडे बघत राहिला. "पूर्वजांना सांगावं लागेल," तो शेवटी म्हणाला. "ज्वारीची बिअर करावी लागेल."

"मग कर! आजच ज्वारी भिजत घाल!"

साहेब फॉर्म उलटसुलट करत होते. असलं उत्तर लिहायला त्यात चौकोनच नव्हता. मी तो त्यांच्या हातून हिसकावला, आणि मागच्या बाजूला अठरावी सही दिसली. माझी. कधी केली, तेही आठवेना.

तीस वर्षं शाळेत घसा फोडून सांगितलं, पोरांनो, कळला नाही तर प्रश्न परत विचारा. मी या घरची लेक, वाडग्यासमोरून मी खुशाल जाते. माझ्या घरातलं पाणी मात्र रोज आणून ठेवते ती नोन्त्लाहला.