वाळूतली गाडी आणि दोन जाणकार

मुलीनं जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली तेव्हा घरात कुणी खळखळ केली नाही. तिचं कामच तसं होतं. समुद्राकाठच्या वाळूच्या पट्ट्यांवर फिरून पक्ष्यांची मोजदाद करायची, आणि तिथे रस्ता नावाचा प्रकारच नव्हता. पण गाडी रुतली आणि पोरगी दुपारभर एकटीच जेवणाच्या डब्याच्या झाकणानं वाळू उपसत बसली, हे कानावर आलं तेव्हा तिच्या वडिलांचा जीव खालीवर झाला.

वडील घड्याळजी. भिंगातून बारीक चाकं बघण्यात जन्म गेलेला. त्यांनी फर्मान काढलं, "रुतलेली गाडी काढायचं जे काही सामान मिळतं ते घ्यायचं. आत्ताच्या आत्ता."

"घ्या की," मुलगी म्हणाली, "पण मला या आठवड्यात मान वर करायला वेळ नाही. तुम्ही आणि तो जाऊन या. गाडी घेऊन जा. त्याला गाड्यांमधलं खूप कळतं, बाबा. तुम्ही नुसते सोबत जा."

'तो' म्हणजे तिचा होणारा नवरा. त्याची बेकरी होती. लग्न तोंडावर आलं होतं, पण सासरे-जावई अजून एकमेकांशी धड बोललेही नव्हते. भेटले की मध्ये नातेवाइकांची फौज असायची, आणि हे दोघे दोन टोकांना बसून एकमेकांकडे बघून मान हलवायचे.

रविवारी सकाळी दोघे निघाले. गाडी बेकरीवाल्यानं चालवली, अगदी जपून, जणू मागच्या सीटवर केक ठेवलाय. वाटेत हवेवर बोलून झालं. मग गुडघेदुखीवर. दुकान आलं तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं.

दुकानाच्या मालकीणबाई उंच, ठसठशीत, हाताला ग्रीस. भिंतीवर दोर, पट्टे, लोखंडी कड्या. मधोमध टेबलावर एक विंच मांडलेलं, म्हणजे गाडीच्या पुढे बसवायचं, तारेनं गाडी ओढून काढणारं यंत्र. घड्याळजींचे डोळे लकाकले. त्यांनी चष्मा वर सरकवून त्याच्या आत डोकावून पाहिलं.

"दाते काय सुबक कापलेत! काय म्हणता?" त्यांनी जावयाला विचारलं.

"सुबकच," बेकरीवाला म्हणाला. "मजबूतही वाटतं. पण तुम्ही म्हणाल तसं, काका."

"छे छे, तुम्ही म्हणाल तसं."

मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "गाडी कुठे जाते?"

"वाळूत."

"सोबत दुसरी गाडी असते?"

"नाही. एकटीच असते ती."

"आणि आसपास झाडं?"

घड्याळजींना मुलीनं पाठवलेले फोटो आठवले. वाळू, पाणी, आकाश, आणि पक्षी म्हणून दाखवलेले काही ठिपके. "झुडूपही नाही हो," ते म्हणाले.

"मग विंचची तार बांधणार कशाला? आकाशाला?" बाई हसल्या. "आणि ओढायचा पट्टा घेतलात तर ओढायला दुसरी गाडी हवी. एकट्या माणसाला वाळूत लागतं ते साधं असतं. चाकाखाली घालायच्या पाट्या, चांगलं फावडं, टायरमधली हवा मोजायचा काटा आणि परत हवा भरायला पंप."

नारिंगी रंगाच्या, दातेरी, लांबट पाट्या त्यांनी पुढे ठेवल्या. फावडी निवडायला बेकरीवाला सरसावला. एकेक उचलून तोलून बघितलं, भट्टीत पाव सरकवतात तसा हात पुढेमागे केला आणि लांब दांड्याचं एक बाजूला काढलं. "गाडीच्या पोटाखाली पोचायला हवं," तो म्हणाला. तिकडे घड्याळजी काट्यांमध्ये रमले. दोन काटे त्यांनी कानाला लावून हलवून नापास केले, तिसरा पसंत केला.

"मागे मी वाळू टाकून ठेवलीय," बाई म्हणाल्या. "गाडी आणलीच आहे तर वापरून बघा, मग पैसे द्या."

वाळूपाशी येऊन दोघे थबकले.

"चालवा तुम्ही, काका."

"मी? अहो, तुमच्यासारखा जाणकार असताना मी कशाला मध्ये येऊ?"

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. तो गाडीत बसला. गाडी वाळूत शिरली, मंदावली, त्यानं घाबरून जोरात ॲक्सिलरेटर दाबला आणि चारही चाकं फिरत फिरत खाली गेली. वाळूचा फवारा थेट घड्याळजींच्या इस्त्रीच्या शर्टावर.

इंजिन बंद झालं. बेकरीवाला खाली उतरला. कानापर्यंत लाल झालेला.

"काका, खरं सांगू? मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, बाबांना यातलं सगळं येतं, तू नुसता सोबत जा."

घड्याळजी शर्ट झटकायचे थांबले. "मला म्हणाली, त्याला सगळं येतं!"

क्षणभर दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग घड्याळजींना असं काही हसू फुटलं की त्यांनी बॉनेटला हात टेकला. बेकरीवालाही हसला, आधी चोरून, मग पोट धरून. मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "हसून झालं की आधी टायरची हवा कमी करा. चाक पसरलं की वाळूवर तरंगतं."

घड्याळजी वाळूत चक्क मांडी घालून बसले आणि काटा लावून चारही टायरांची हवा जवळजवळ निम्मी केली. एकाची जरा जास्त सुटली तर पंपानं परत भरली. बेकरीवाल्यानं बाह्या सरसावून चाकांपुढची वाळू उपसली. दोघांनी मिळून पाट्या चाकांखाली ठोकल्या.

"आता लांब व्हा," बाईंनी घड्याळजींना दंडाला धरून बाजूला नेलं. बरंच झालं, कारण जावयानं पुन्हा घाई केली आणि एक पाटी सूं करून मागे उडाली.

"हळू!" घड्याळजी ओरडले. "पीठ मळताय ना, तसं! हिसका देऊ नका!"

हे मात्र त्याला कळलं. पाटी परत ठोकली. चाकानं तिचे दाते पकडले, गाडी कुरकुरली, डोकं वर काढल्यासारखी उचलली गेली आणि डुलत डुलत बाहेर आली. घड्याळजींनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. "काय गं, दोघांनाही गंडवलंस?"

"मग काय करणार? एकत्र जा, जरा ओळख वाढवा, असं सरळ सांगितलं असतं तर दोघांनीही टाळलं असतं," पलीकडून ती म्हणाली. "कुणी रुतलं का?"

"जावईबापू रुतले. आणि आम्ही बाहेरही काढलं," ते ऐटीत म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला, वाळूकडे पाहिलं, मग गाडीकडे. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"किल्ली आणा इकडे," ते म्हणाले.

"काका, नक्की?"

"फावडं आहे ना तुमच्याकडे? मग झालं तर."

बेकरीवाल्यानं किल्ली दिली, फावडं खांद्यावर टाकलं आणि न सांगताच चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. घड्याळजींनी आरसा नीट केला, सीट पुढे घेतली आणि गाडी सरळ वाळूच्या मधोमध नेऊन रुतवली.