टाकीच्या झाकणातलं भोक

चढावरच्या वळणाशी टॅक्सीने धापा टाकल्या, दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. गर्दी तिची वाटच पाहत होती. हल्ली रविवारची दुपार सगळ्यांची इथेच जायची. फुकटचा चमत्कार कोणाला नको असतो?

मोकळेमहाराज पुढे आले. अडलेल्या गाड्या मोकळ्या करतात म्हणून हे नाव. त्याआधी त्यांना काय म्हणत, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

"नजर!" महाराज गरजले. "सपाटीवर नजर झोपते. चढ लागला की जागी होते आणि गाडीच्या पोटात शिरते!"

"पण चढावरच का, महाराज?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"तिला उंची आवडते," महाराज म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या. "मिस्त्री, सांगा सर्वांना. इंजिनात काही खोट?"

मिस्त्रीचं गॅरेज चढाच्या पायथ्याशी होतं. त्याने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं. "प्लग नवे आहेत, फिल्टर साफ आहे, पंप चालतोय. इंजिन ठणठणीत आहे."

गेले दोन आठवडे तो हेच सांगत होता. त्यातला शब्द न शब्द खरा होता, म्हणून तर तो जास्त बोचत होता.

दोन आठवड्यांपूर्वी त्याने महाराजांचा चमत्कार पहिल्यांदा जवळून पाहिला. महाराजांनी पुटपुटत टाकीचं झाकण फिरवलं, 'फुस्स' आवाज झाला, "गेली, गेली!" म्हणत लोकांनी टाळ्या पिटल्या आणि गाडी निमूटपणे चढ चढून गेली. मिस्त्रीच्या पायाखालची वाळूच सरकली. त्या झाकणातलं बारीक भोक त्याने स्वतः बुजवलं होतं. उन्हाळ्यात जुन्या गाड्यांतून पेट्रोलचा वास येतो, अशी लोकांची तक्रार होती. त्याने भोकाला लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, फासली आणि वास थांबला. "मिस्त्रीचा हात म्हणजे हात!" म्हणत वीस-पंचवीस जणांनी आपापली झाकणं बुजवून घेतली. ते भोक मुळात कशासाठी असतं, हा विचार त्याच्या डोक्यात तो 'फुस्स' ऐकल्यावर आला. आणि मग त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. गुपचूप एकेक झाकण मोकळं करावं असं तो रोज ठरवायचा, पण कोणी कारण विचारलं तर गॅरेजची अब्रू जाईल या भीतीने रोज उद्यावर ढकलायचा.

"आज मुळावरच घाव!" महाराजांनी बोट रोखलं. "या वळणावरच्या खिडकीत दिवसभर कोण बसतं? प्रत्येक गाडीकडे कोण बघतं?"

सगळे शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या खिडकीकडे वळले. गेल्या रविवारीही महाराजांनी तिकडेच बोट दाखवलं होतं; त्यानंतर खिडकीची काच दगडाने फुटली होती, तिथे पुठ्ठा लावलेला होता. दोघांनी मावशींचं मशीन आधीच रस्त्यावर आणून ठेवलं होतं.

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची," वळणावरचा वाणी ओरडला.

"अरे बाबांनो, उजेड खिडकीत येतो म्हणून मी खिडकीत बसते," मावशी म्हणाल्या. त्यांनी मशीनचं चाक घट्ट धरलं होतं. त्यांचं ऐकतंय कोण? मिस्त्रीच्या मुलीचे शाळेचे कपडे याच मशीनवर शिवलेले होते. त्याला तिथे उभं राहवेना.

"थांबा!" तो म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला परका वाटला. "मावशी, एक दोरा द्या."

मावशींनी दोरा तोडून दिला. मिस्त्रीने महाराजांना बाजूला सारलं आणि टाकीच्या तोंडाशी दोरा धरला.

"महाराज म्हणतात, नजर बाहेर पडते. मग दोरा बाहेर उडायला हवा ना? बघा."

त्याने झाकण हळूच सैल केलं. फुस्स! दोरा आत ओढला गेला.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

"बाहेर काही जात नाही, हवा आत येते. शेठ, तेलाच्या डब्याला तुम्ही भोकं किती पाडता?"

"दोन," वाणी म्हणाला. "एक तेलाला, एक हवेला. नाहीतर तेल धड पडतच नाही." बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

"टाकीचंही तसंच आहे. सपाटीवर इंजिन पेट्रोल घोट घोट घेतं, भागून जातं. चढावर जास्त लागतं, पण हवा आत येत नसेल तर पंपाला ते ओढवत नाही. गाडी मरते. झाकण उघडलं की हवा शिरते, गाडी चालते. महाराजांच्या जीपचं झाकणही बुजवलेलं आहे. ही विद्या त्यांना तिथेच मिळाली असणार."

"पण बुजवलं कोणी?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"मी."

"म्हणजे नजर मिस्त्रीच्या हातात!" महाराज घाईने म्हणाले. कोणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच हसले. हसू ओसरेपर्यंत महाराजांची जीप उताराला लागली होती.

मिस्त्रीने जाड सुईने लांबी टोकरून काढली. टॅक्सी झाकण लावून दोनदा चढ चढली, एकदाही अडली नाही. वाण्याने मान खाली घालून मशीन आत नेलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण," तो पुटपुटला.

मिस्त्री दारात उभा राहिला. "मावशी, माझं चुकलं."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"दोन आठवडे झाले."

"माझी काच गेल्या सोमवारी फुटली," मावशी म्हणाल्या. "तो महाराज लबाडच होता, त्याचं काय! पण तुम्हाला ठाऊक होतं, मिस्त्री."

मिस्त्री लोकांकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याने लपवले नाहीत.

"गाडी अडली तर झाकण उघडा, टाकी बघा, मला शिव्या घाला. पण कारण सापडायच्या आधी माणूस शोधू नका. आणि ज्यांना कारण माहीत असेल, त्यांनी माझ्यासारखं गप्प बसू नका. पहिला दगड पडायच्या आत बोला."