अर्धी बांधी

आत्याबाईंच्या सुपाची थाप पडली, तेव्हा सकाळपासून गप्प असलेल्या घराला जरा जाग आली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, त्या तांदूळ पाखडायला बसल्या होत्या. मामाजी, माझे सासरे, भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेले. माझा धाकटा, टिंकू, मांडीवर झोपला होता. तो उठेपर्यंतचा वेळ माझा, आणि त्या वेळात हिशेब करून द्यायचा होता.

दोन वर्षांपूर्वी गुडघे बसले तसं मामाजींनी चिचगडचं धानाचं दुकान विकलं. आलेला पैसा म्हणजे दोघांचं म्हातारपण. पेन्शन नाही. बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, दुसऱ्याला कसायला दिल्यात, त्यातून खाण्यापुरते तांदूळ येतात. औषध, दूध, वीज सगळं या पैशावर. माझ्या लेकीचे, गुंजनचे बाबा गोंदियाला दुकानात हिशेब लिहितात, त्यांच्या पगारात आम्हा चौघांचंच कसंबसं होतं.

मी बी.कॉम., म्हणून मामाजींनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, मोठा वाटा सरकारी बॉन्डमध्ये ठेवू, व्याज ठरलेलं राहील. उरलेला शेअरच्या फंडात टाकू, म्हणजे महागाईच्या मागे धावता येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"अर्धी बांधी रोवून कोणी घरी जाते का वो बाई?"

आमच्याकडे नाहीच जात. रोवण्यात, म्हणजे पऱ्हे, धानाची रोपं, चिखलात लावताना, हाती घेतलेली बांधी पुरी झाल्याशिवाय बाया बांधावर चढत नाहीत, मग पाऊस कोसळो की अंधार पडो. अर्धी आज, अर्धी आठ दिवसांनी रोवली की धान एकसारखं पिकत नाही, कापणीला घोळ होतो. जन्मभर धान पाहिलेल्या माणसाला पैशाचंही तसंच वाटलं. बाजार चढलेला होता, शेजारचा हिमांशू रोज नफा सांगत होता. मामाजींनी एका दिवसात सगळा पैसा शेअरच्या फंडात रोवला.

पहिले काही महिने मजेत गेले. सकाळी मोबाईल पाहून ते आत्याबाईंना म्हणायचे, "आज तुह्या नथीएवढे वाढले." आत्याबाई म्हणायच्या, "मंग नथ आणा, मोबाईल काय नाकात घालू?" मग बाजार उतरला आणि उतरतच राहिला. घर तर चालवायचं होतं. दर महिन्याला पडलेल्या भावात थोडं थोडं विकत गेलो. हिरवं धान कापून खाल्ल्यासारखं.

आता मामाजींना सगळं काढून बॉन्डमध्ये टाकायचं होतं. पुन्हा सगळं, पुन्हा एका दिवसात. मी आकडे मांडले. बॉन्डचं व्याज घराला पुरत नव्हतं, दरवर्षी थोडी मुद्दल मोडावी लागणार होती. अशानं पैसा मामाजींच्या चौऱ्याहत्तरीपर्यंत जात होता. शेअरमध्येच ठेवला तर कदाचित ऐंशीपर्यंत. बाजार अजून पडला तर सत्तरीही गाठत नव्हता. अर्धं-अर्धं करून पाहिलं. त्यानंही काही मोठं हाती लागत नव्हतं. आधी केलं असतं तर, हे मी बोलले नाही. टिंकूच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपत राहिले.

मामाजी उठून बसले. मी हळू आवाजात सांगितलं. आज ते सहासष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी बोटांवर काही मोजलं नाही.

"चौऱ्याहत्तर म्हणजे पुष्कळ झालं," ते म्हणाले. "आमच्या घरी सत्तर कोणी पाह्यली नाही. बॉन्डच कर."

मी म्हटलं, मामाजी, हा पैसा तुमच्या एकट्याचा नाही.

सुपाची थाप थांबली. आत्याबाई मामाजींपेक्षा आठ वर्षांनी लहान आहेत, आणि त्यांच्या माहेरी बाया नव्वदीपर्यंत चालत्या-फिरत्या असतात. हे दोघांनाही माहीत होतं. मामाजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रोवणा सडला तर दुसरे पऱ्हे लावता येते, बाई," ते म्हणाले. "पण पऱ्हे शिल्लक पाह्यजे ना."

आत्याबाईंनी सूप उचललं. "माह्यं काय घेऊन बसली वो तू," त्या म्हणाल्या, "मी का सोनं खातो?" आणि पुन्हा पाखडू लागल्या, पण आता थाप चुकत होती, तांदूळ सुपाबाहेर सांडत होते.

मी मोबाईल हातात घेतला. सगळं विकायचं बटण समोर होतं. अंगठा टेकवला की दोन वर्षांचं नुकसान कायमचं आपलं होणार होतं. नाही टेकवला तर पुढच्या महिन्यात पुन्हा पडलेल्या भावात विकणं. मामाजी म्हणाले, दाब. मी दाबलं. ते परत भिंतीकडे वळून पडले.

गुंजन दारात बेरजा करत बसली होती. या वर्षी शाळेत हातचा शिकवलाय, त्यामुळे दिसेल त्या आकड्याची ती बेरीज करते, अंगणातल्या कोंबड्यांचीही. तिनं पेन्सिलीचं टोक ओठांवर धरलं, आजीकडे पाहिलं, मग माझ्याजवळ येऊन, टिंकू उठू नये म्हणून कानाशीच विचारलं,

"आई, आबाजी चौऱ्याहत्तरचे होतील, तेव्हा आजी कितीची राहील?"