कॉर्डेलची बेसलाइन

कॉर्डेल गिद्री मला पहिल्यांदा आवडला तो उलटा पळताना. ओपेलुसस गावातल्या शाळेच्या मैदानावर बाकीची पोरं तोंडासमोर पळत होती आणि हा हडकुळा मुलगा पाठीमागे, तेही त्यांच्याइतक्याच जोरात. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅकचं कामच ते. समोरच्या रिसीव्हरला, म्हणजे चेंडू झेलायला पळणाऱ्याला, ठाऊक असतं आपण कुठे वळणार. कॉर्नरला नसतं, तरी त्याला चिकटून राहायचं. एकदा पाय घसरला, की अख्ख्या स्टेडियमला दिसतं कोणामुळे हरलो ते.

म्हणून कॉर्नरला पहिल्या दिवसापासून शिकवतात, की झालं ते विसर. मागच्या खेपेला फजिती झाली ती डोक्यात राहिली, तर पुढच्या खेपेलाही होणार. "माझा नवरा विसरायचा पगार घेतो," असं मी चारचौघांत म्हणायचे आणि सगळे हसायचे. गेल्या हिवाळ्यापासून मी ते म्हणणं बंद केलं.

नोव्हेंबरात एका धिप्पाड गड्याला खाली पाडताना कॉर्डेलचं डोकं त्याच्या गुडघ्यावर आदळलं. उठला, हेल्मेट नीट केलं आणि ऐटीत निघाला तो थेट विरुद्ध संघाच्या बाकाकडे. माझ्या मागे बसलेली बाई फिदीफिदी हसली. मी तिला काय बोलले ते इथे सांगत नाही. पण पुढच्या रविवारी हा पुन्हा मैदानात होता, कारण डोक्याच्या परीक्षेत पास झाला होता.

त्या पास होण्यातली गोम अशी. दर हंगामाच्या आधी, सगळे धडधाकट असताना, प्रत्येक खेळाडूला कॉम्प्युटरसमोर बसवतात. शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, मग विचारतात यातलं आधी काय पाहिलं होतं. जे गुण मिळतील ती त्याची बेसलाइन. पुढे डोक्याला मार बसला, की तीच परीक्षा पुन्हा. गुण बेसलाइनशी जुळले तर खेळ, नाहीतर घरी बस. यावर खेळाडूंनी काढलेली युक्ती म्हणजे बेसलाइनलाच मुद्दाम माती खायची. ओळखीची आकृती अनोळखी म्हणायची, बटण उशिरा दाबायचं. मग नंतर डोकं भणभणत असलं तरी गुण बरोब्बर जुळतात. नवख्यांना हे जुने खेळाडू जेवताना शिकवतात, आणि कॉर्डेल त्यांचाही गुरू होता.

मार्चमध्ये तो लेकीला आणायला गेला आणि तिच्या जुन्या शाळेपाशी बसून राहिला. लाल राजम्यात दोनदा मीठ घातलं. एकच गंमत जेवायला बसताना सांगितली आणि उठताना पुन्हा सांगितली. पण कोणता रिसीव्हर वळण्याआधी कंबर खाली घेतो, कोण खांदा झुकवून फसवतो, हे विचारा, घडाघडा बोलेल. त्यामुळे मलाच कळेना, याचं डोकं बिघडलंय की माझं.

"यंदा परीक्षा खरी दे," मी त्याला म्हटलं.

"वेड लागलंय का तुला? खरी दिली, तर उद्या जरासा धक्का लागला तरी बसवतील मला."

"बसवू देत. मला कळू दे, तुझं डोकं आहे कुठे."

"मानेवर आहे. बघ की."

"चेष्टा पुरे, कॉर्डेल. खरी दे, गुण चांगले आले तर पुढचा अख्खा हंगाम मी तोंडातून ब्र काढणार नाही. नाहीतर लेकीला घेऊन मी चालले आईकडे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मी हे उगाच म्हणत नाही, हे त्याला समजलं असावं. "बाबांच्या कबरीची शपथ, खरी देतो," तो म्हणाला. "आणि बघच तू. गुण बघून डॉक्टरला घेरी येईल. म्हणेल, इतकी वर्षं हा पंडित कुठे दडला होता?"

मग तो खरंच अंग मोडून तयारीला लागला. बिअर बंद केली, वेळेवर झोपायला लागला, लेकीबरोबर पत्त्यांच्या जोड्या लावायचा खेळ खेळायला लागला. ती जिंकायची. "लहान मुलांना जिंकू द्यावं लागतं," तो मला सांगायचा.

परीक्षा शुक्रवारी झाली. शनिवारी दुपारी तो घरी पोहोचला, तेव्हा मागच्या अंगणात क्रॉफिशचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या झिंग्यांचं, पातेलं नुकतंच उतरवलं होतं. सासूबाई, मिस अर्लीन, वर्तमानपत्रं पसरलेल्या टेबलाशी बसून मुंडकी पिरगळत होत्या. कॉर्डेलने त्यांच्या गालाचा मुका घेतला, मला मिठी मारली आणि उभ्या उभ्याच खायला लागला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ट्रेनर म्हणाला, 'गिद्री, तुझ्यासारखा भरवशाचा माणूस नाही. दरवर्षी तेवढेच गुण. रेसभर हलत नाहीस!' झालं समाधान? आता सप्टेंबरात थेट मैदानात!"

"देवाची कृपा," मिस अर्लीन म्हणाल्या. "बघ रोशेल, उगाच माझ्या लेकाच्या मागे लागली होतीस."

माझ्या हातातलं मक्याचं कणीस तसंच राहिलं. "तू खरी दिलीस?"

"शपथ घेतली ना बाबांची? घाम फुटला मला त्या खुर्चीत."

"मुद्दाम एकही चूक केली नाहीस?"

"एकही नाही. किती वेळा विचारशील गं?"

"मग गुण तेवढेच कसे आले, कॉर्डेल?"

तो हसत होता, ते हसू तोंडावर तसंच राहिलं. इतकी वर्षं जिथे तो मुद्दाम पडत होता, तिथवर यंदा जीव तोडून पोहोचला होता. आणि संघात कोणालाही हे दिसणार नव्हतं, कारण चांगल्या डोक्याचं माप त्याने कोणाला कधी घेऊच दिलं नव्हतं. मला त्या ट्रेनरचा राग आला, ही युक्ती शिकवणाऱ्या संघातल्या जेवणाच्या टेबलाचा आला, आणि कॉर्डेलचा इतका आला की रडूच फुटेल असं वाटलं.

"तेवढेच आले तर बरंच की," मिस अर्लीन म्हणाल्या. "तुमची तोंडं का उतरली?"

कॉर्डेलने हातातला क्रॉफिश खाली ठेवला. बोटं पँटला पुसली. माझ्याकडे पाहायचं त्याने टाळलं आणि तो आईकडे वळला.

"आई," तो म्हणाला, "मी सगळा जोर लावला होता गं."