डाव्या जबड्याखालचा भोवरा

गल्लीत सगळे त्याला वस्ताद म्हणत, आणि त्यालाही ते नाव आवडायचं. सलून दोनच खुर्च्यांचं, पण रुबाब बारा खुर्च्यांचा. हनुवटी हातात आली की माणूस कळतो, असं त्याचं म्हणणं. कोण रात्रभर जागलंय, कोण बायकोशी भांडून आलंय, कुणी मधल्या वारी गुपचूप दुसरीकडे दाढी उरकली, हे सगळं तो बोटांनी ओळखायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. एकुलत्या एका पोराच्या हनुवटीवर मात्र त्याची बोटं अडखळली.

दर रविवारी दुकान उघडण्याआधी तो पोराची दाढी करायचा. ओठावर पहिली लव फुटली तेव्हापासून हे चालत आलेलं. एरवी बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास का?" आणि "हो." खुर्चीत मात्र वस्तादची जीभ सैल सुटायची. कपाळावर तळवा ठेवून तो म्हणायचा, "मान सैल सोड." मग ब्रशने फेस घोळवत आठवडाभराचं साठलेलं सगळं बाहेर यायचं. गिऱ्हाइकांच्या फजित्या, स्वतःची गुडघेदुखी, स्वतःच्या आईच्या आठवणी. पोर डोळे मिटून ऐकायचं. त्या चेहऱ्यावरचा केस न् केस वस्तादला पाठ होता. डाव्या जबड्याखाली एक चोरटा भोवरा होता. तिथला केस दिसायला खाली वळलेला, पण निघायचा कानाच्या बाजूने. पहिल्या दाढीच्या वेळी तिथे रक्त आलं होतं आणि वस्ताद दिवसभर जेवला नव्हता.

या रविवारी उजव्या गालावरून वस्तरा फिरला आणि आवाजच आला नाही. खरखर नाही, काही नाही. रुपयाएवढी जागा गुळगुळीत. वस्तादच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आधी वाटलं, चाई लागून केस झडले. पण चाईची कातडी चकाकते, हे त्याला ठाऊक होतं. इथे तर बारीक बारीक लाल ठिपके होते.

"हे काय रे?"

"ॲलर्जी आहे. औषधाच्या दुकानात काम करतो ना, धूळ असते."

औषधाच्या दुकानात धूळ! वस्तादने वस्तरा पुसला आणि त्या दिवसापासून पाळत सुरू केली. सोमवारपासून पोर दाढीला वस्तरा लावत नव्हतं. बुधवारी अर्ध्या सुट्टीला वाढलेले खुंट घेऊन जायचं आणि संध्याकाळी गाल सुजवून यायचं. आल्या आल्या आई काही न विचारता फडक्यात गुंडाळलेला बर्फ हातात द्यायची. इथेच वस्ताद अडला. पोराचं तोंड सुजणार हे हिला आधीच कसं कळतं? बर्फ काही आपोआप फडक्यात येऊन बसत नाही. म्हणजे घरात दोघांचं खलबत होतं आणि तिसरा तेवढा मूर्ख होता.

उरलीसुरली कसर शेजारच्या शिंप्याने भरून काढली. हा माणूस कपडे कमी आणि कंड्या जास्त शिवायचा. दाढीला बसल्या बसल्या म्हणाला, "वस्ताद, रागावू नका, पण तुमचे चिरंजीव बुधवारी काचवाल्याकडे दिसले."

वस्तादचा हात हवेतच थांबला. काचवाला म्हणजे चौकातला नवा सलूनवाला. समोरून सगळी काच, आत थंडगार हवा, भिंतीएवढे आरसे. वस्तादची निम्मी तरुण गिऱ्हाइकं त्याने पळवली होती.

"नीट पाहिलंस?"

"शिंप्याची नजर आहे. खांद्यावरून माणूस ओळखतो मी."

वस्तादला सगळा हिशेब लागला. दाढी वाढवायची, ती काचवाल्याच्या कुठल्याशा मशीनखाली घालायची, आणि रविवारी बापासमोर भोळा चेहरा करून बसायचं. गिऱ्हाइकं गेली तेव्हा त्याने मनाला समजावलं होतं. पण स्वतःचं पोर दुसऱ्याच्या खुर्चीत! जगाने बिनपाण्याने केली असती तर चाललं असतं, इथे घरच्यानेच केली. त्याला राग आला आणि रागाखाली, मान्य करायला जड जाईल असं, खूप वाईट वाटलं.

बुधवारी सकाळी त्याने पोराला दुकानात बोलावलं. "मानेवरचे केस वाढलेत. बस."

पोर बसलं. चादर गळ्याभोवती बांधली आणि वस्तादने फेस थेट गालाला लावला.

"नको बाबा. आज नको. उद्या करा, हवी तर."

"का? आज काय आहे?"

पोराने चादरीची कड मुठीत धरली. आरशात त्याचे डोळे भरून आले होते. वस्तादला वाटलं, सापडला चोर. त्याने सरळ हात फिरवला, मग उलटा हात फिरवला, पुन्हा फेस लावून पुन्हा उलटा फिरवला. इतकी तुळतुळीत दाढी त्याने नवरदेवांचीही केली नव्हती. एक खुंट म्हणून शिल्लक ठेवला नाही. बघू आता काचवाला काय कापतो ते.

त्या दिवशी पोर लवकर परतलं. गाल सुजलेले नव्हते, डोळे सुजले होते. थेट न्हाणीघरात गेलं आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. बायकोने फडक्यातला बर्फ मोरीत ओतला.

"काय मिळवलंत?" ती म्हणाली.

"मला काय विचारतेस? तुम्ही दोघं काय लपवताय ते सांग."

"मी सांगायची गोष्ट असती तर कधीच सांगितली असती." एवढं बोलून तिने पाठ फिरवली. रविवारी पोर खुर्चीत बसायला आलंच नाही. वस्ताद फेस करून उभा राहिला, आणि फेस भांड्यातच वाळला.

पुढच्या बुधवारी त्याने दुकानाला कुलूप घातलं आणि पोराच्या मागे निघाला. आपल्याच पोरावर पाळत ठेवताना लाज वाटत होती, पण पाय थांबत नव्हते. पोर चौकात आलं, काचवाल्याच्या दारापर्यंत गेलं आणि दारात न शिरता बाजूच्या अरुंद जिन्याने वर चढलं. वस्ताद गोंधळला. शिंप्याची नजर खांद्यापर्यंतच पोचली होती, जिन्यापर्यंत नाही.

वर एक छोटी खोली होती. भिंतीला लावलेली बाकं, पंखा, दुसऱ्या टोकाला जाड पडदा. पडद्याखालून पांढऱ्या दिव्याचा उजेड येत होता. बाहेर कुणी नव्हतं. वस्ताद बाकाच्या कडेला टेकला आणि कान टवकारले.

"मागच्या वेळी गुळगुळीत गाल घेऊन आलात, ताई," आत एक बाई म्हणत होती. "केस दिसल्याशिवाय सुई कुठून घालू? मूळ सापडलं तर वीज सोडून कायमचं जाळता येईल ना. तीन दिवसांची वाढ तरी हवी."

कुणी ताई आत आहे, मग आपलं पोर कुठे, म्हणून वस्ताद खोलीभर बघू लागला. तेवढ्यात उत्तर आलं.

"बाबांनी केली. मला नाही म्हणता आलं नाही."

आवाज त्याच्या पोराचा होता.

"अजून सांगितलं नाहीत त्यांना?"

"आईला माहीत आहे. बाबांना कसं सांगू? मी मुलगी आहे, पहिल्यापासून होते, हे एकवेळ सांगेन. मार खाईन. पण रविवारी माझी दाढी करताना ते जेवढं बोलतात ना, तेवढं आठवडाभरात बोलत नाहीत. दाढीच गेली तर मला खुर्चीत कशाला बसवतील? याचीच भीती वाटते मला."

वस्ताद तसाच बसून राहिला. काचवाला नाही, त्याचं मशीन नाही, त्याची खुर्ची नाही. त्याला वाटलं होतं, पोर बापाला सोडून चाललंय. पोर तर बाप सुटेल म्हणून घाबरलं होतं. बाकी जे ऐकलं ते त्याला पूर्ण उमगलं असं नाही. मुलगी. त्याने तो शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला. राग शोधला, तर सापडला नाही. मागच्या बुधवारी आरशात पाहिलेले डोळे मात्र पुन्हा पुन्हा समोर येत होते, आणि आपला तो उलटा हात.

"आता डावीकडचं," आतली बाई म्हणाली. "ही जागा मोठी हट्टी आहे. कितीदा केली, पुन्हा उगवतंय. मूळ मेलं की केस अलगद निसटतो, इथला ओढावा लागतो. सोसा थोडं."

आतून दात आवळून घेतलेला श्वास ऐकू आला. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा पोर कण्हलं आणि वस्ताद उभा राहिला.

"तिथे भोवरा आहे," तो पडद्याबाहेरून म्हणाला. "केस खाली वळलेला दिसतो, पण येतो कानाकडून. सुई कानाच्या बाजूने घाला."

मग पडदा बाजूला झाला. चष्मा लावलेली, पांढरा कोट घातलेली बाई त्याच्याकडे रोखून बघत होती. मागे दिव्याखालच्या खुर्चीत त्याचं पोर ताठ बसलं होतं, अर्धा गाल लाल, हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले.

"तुम्ही कोण?" बाईने विचारलं.

"यांची दाढी मी करतो," वस्ताद म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "करायचो."

वस्ताद खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. कुठे उभं राहायचं हे त्याला तेवढंच माहीत होतं. त्याने कपाळावर तळवा ठेवला. कपाळ घामाने गार पडलं होतं आणि मान लाकडासारखी आखडली होती. दुसऱ्या हाताने त्याने जबड्याखालची कातडी ताणून धरली, वस्तरा लावताना धरायचा तशी, आणि बोटाने बाईंना जागा दाखवली.

"इथून. हळू."

बाईंनी सुई कानाकडून आत सरकवली, पायाने कळ दाबली आणि चिमट्याने केस उचलला. लोण्यातून यावा तसा तो आला.

वस्ताद त्या केसाकडे बघत राहिला. मग बोलायला लागला. आधी गुडघ्याबद्दल, मग शिंप्याने एका गिऱ्हाइकाच्या विजारीचे दोन्ही पाय एकत्र शिवले त्याबद्दल. तळव्याखालचं कपाळ थरथरत होतं आणि डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं. त्याने ते अंगठ्याने टिपलं. या पोराला आता काय म्हणायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने बाईंचाच शब्द उसना घेतला.

"मान सैल सोड, ताई," तो म्हणाला. "रविवारी बसायला ये. गप्पा राहिल्यात बऱ्याच."